मराठी दरपत्रक, मोबाईल आणि मार्कडाउन: काय मोडतं आणि ते कसं सांभाळायचं

प्रश्न असा आहे: "सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या छोट्या कारखानदारांसाठी आम्ही दोघं मिळून एक वेब ॲप करतोय. मालाचं वर्णन, दरपत्रक, सूचना हे सगळं कारखानदार स्वतः लिहिणार, बहुतेक मराठीत आणि मोबाईलवरून. त्यांना लिहायला मार्कडाउन द्यावं की वर्डसारखा एडिटर? मार्कडाउन दिलं तर लायब्ररी कोणती घ्यावी?"

सरळ उत्तर आधी देतो. मार्कडाउन द्या, म्हणजे साध्या मजकुरात फुली, रेघ अशा खुणा करायच्या आणि त्यातून मांडणी केलेलं पान तयार होतं ती पद्धत. लायब्ररी, म्हणजे हे काम करणारा तयार कोड, कॉमनमार्क (मार्कडाउनचे काटेकोर नियम) पाळणारी कुठलीही चालेल, त्याबद्दल शेवटी लिहितो. मात्र लायब्ररी बसवली, ठळक अक्षरं ठळक दिसली, म्हणजे काम संपलं असं समजू नका. मार्कडाउनचे नियम ज्या लिखाणावर बेतलेले आहेत त्यात शब्दाला प्रत्यय चिकटत नाहीत, आकडे एकाच लिपीतले असतात आणि लिहिणारा मोठ्या कीबोर्डसमोर बसलेला असतो. तुमचा कारखानदार या तिन्ही बाबतींत वेगळा आहे. हे अंतर ॲपने भरून काढायचं असतं. लिहिणाऱ्याला "असं लिहू नका, तसं लिहा" सांगत बसलात तर तो आठ दिवसांत ॲप सोडून व्हॉट्सॲपवर परत जाईल.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही असंच काम केलं होतं. माल पाठवणीचं बघणारे एक काका होते, पन्नाशी ओलांडलेले, मोबाईलवर झपाझप मराठी टाइप करणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी ही ओळ टाकली:

`टेरी टॉवेल ३०*६० आणि २७*५४, दोन्ही डझनात मिळतील.`

पानावर दिसलं ते असं: "टेरी टॉवेल ३०६० आणि २७५४, दोन्ही डझनात मिळतील." दोन्ही फुल्या (*) गायब, आणि "६० आणि २७" एवढाच तुकडा तिरका. काकांचा फोन आला, "साहेब, माझी साईज कुठं गेली?" तोवर बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने ३०६० हा डिझाइन नंबर समजून त्याचा फोटो मागवला होता.

झालं काय, तर मार्कडाउनमध्ये फुली ही जोर देण्याची खूण आहे. आकड्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेली फुली उघडूही शकते आणि बंदही करू शकते. पहिल्या साईजमधल्या फुलीने जोर उघडला, दुसऱ्या साईजमधल्या फुलीने तो बंद केला. नियमाप्रमाणे पार्सर, म्हणजे लायब्ररीतला खुणा वाचणारा भाग, बरोबरच वागला. आम्ही तपासताना प्रत्येक नोंदीत एकच साईज लिहिली होती. फुलीला जोडीदार नसला की ती जशीच्या तशी राहते, म्हणून आम्हाला काही दिसलं नाही. तीन साईज असतील तर आणखी फसवं होतं: पहिल्या दोघींची फुली जाते, तिसरी शाबूत राहते. वेगवेगळ्या ओळींवर लिहिल्या तरी मध्ये रिकामी ओळ नसेल तर परिच्छेद एकच, त्यामुळे जोडी जमतेच.

या एका प्रकरणातून आम्ही दोन गोष्टी केल्या, त्या तुम्ही पहिल्याच दिवशी करा. एक, साईज, जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन), दर आणि डझन-पीस यांना फॉर्ममध्ये स्वतंत्र रकाने द्या. ज्या माहितीवर पैसे ठरतात ती मोकळ्या मजकुरात सोडू नका, मार्कडाउन असो वा नसो. दोन, तरीही लोक वर्णनात साईज लिहिणारच, म्हणून पार्सरकडे मजकूर देण्याआधी "आकडा, फुली, आकडा" अशी जुळणी शोधा आणि त्या फुलीच्या जागी गुणाकाराचं × चिन्ह घाला. जुळणी लिहिताना देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आकडे धरा, आणि फुलीच्या अलीकडे-पलीकडे स्पेस असली तरी चालू द्या. हा बदल दाखवताना करायचा. डेटाबेसमध्ये काकांनी लिहिलं तेच राहू द्यायचं.

थोडं मागचं सांगतो, कारण पुढच्या अडचणी त्यातून कळतात. मार्कडाउन २००४ साली आलं, आपलं सोलापूर विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी. जॉन ग्रुबर यांनी ते मांडलं, त्यात ॲरन स्वॉर्ट्झ यांची मदत होती. साध्या ईमेलमध्ये लोक जशा खुणा करत, म्हणजे जोर द्यायला फुली, यादीला आडवी रेघ, तशाच खुणा ठेवायच्या आणि त्यातून एचटीएमएल (वेब पानाची भाषा) तयार करायचं, ही कल्पना. मूळ मजकूर तसाच वाचला तरी डोळ्याला खुपू नये हा तिचा गाभा आहे, आणि मला ती आजही फार आवडते. पण मूळ वर्णनात बऱ्याच जागा संदिग्ध होत्या. प्रत्येक लायब्ररीने त्या आपापल्या परीने भरल्या, आणि एकच मजकूर दोन ठिकाणी दोन तऱ्हेने दिसू लागला. २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड आणि इतरांनी कॉमनमार्क नावाचं काटेकोर वर्णन काढलं. गिटहब या कोड ठेवायच्या साईटने २०१७ मध्ये त्याच पायावर आपलं वर्णन जाहीर केलं, त्यात तक्ते आणि खोडलेला मजकूर यांची भर आहे. आज जोर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा नियम कॉमनमार्कमध्ये अगदी नेमका आहे. आपल्याला तो नेमकेपणाच एका ठिकाणी नडतो.

हे नीट बघा. `**चादर**ला` असं लिहिलं तर "चादर" ठळक होतं आणि "ला" साधा राहतो. छान. आता चादरीच्या प्रकाराला अवतरणचिन्ह द्या:

`**'जकार्ड'**चा दर वेगळा आहे.`

इथे काहीच ठळक होत नाही. चारही फुल्या पानावर तशाच उमटतात. कारण बंद करणाऱ्या फुल्यांच्या आधी विरामचिन्ह असेल, तर त्यांच्यानंतर स्पेस किंवा दुसरं विरामचिन्ह असायला हवं असा नियम आहे. आपल्याकडे नंतर येतो प्रत्यय, म्हणजे अक्षर. पार्सरला वाटतं की या फुल्या बंद करणाऱ्या नाहीतच. इंग्रजीत हा प्रसंग क्वचित येतो, कारण तिथे "चा, ची, ला, ने, त" वेगळे शब्द म्हणून आधी लिहिले जातात. मराठीत तो रोजचा आहे. `**५%**ने`, `**(डझन)**च्या`, `**"ए वन"**मध्ये`, हे सगळे मोडतात. चिनी आणि जपानी लिहिणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, कारण त्यांच्याकडे शब्दांमध्ये स्पेसच नसते.

यावर लिहिणाऱ्यासाठी सोपा उपाय म्हणजे फुल्या चिन्हाच्या आत घेणं: `'**जकार्ड**'चा`. हे बरोबर चालतं. पण काकांना हे सांगून उपयोग नाही, म्हणून आम्ही ते काम "ठळक" बटणाला दिलं. निवडलेल्या मजकुराच्या दोन्ही टोकांना अवतरण किंवा कंस असेल तर बटण फुल्या आतल्या बाजूला घालतं. टक्क्याचं चिन्ह शेवटी असेल तर फुली त्याच्याआधी येते, टक्का ठळक होत नाही, पण फुल्या तरी बाहेर दिसत नाहीत. खालच्या रेघेची खूण, म्हणजे अंडरस्कोर, मराठीसाठी पूर्ण टाळा. `_चादर_ला` यात जोर लागतच नाही, कारण शब्दाच्या मध्ये अंडरस्कोर जोर मानायचा नाही असा वेगळा नियम आहे, आणि प्रत्यय चिकटला की पार्सरच्या दृष्टीने तो शब्दाचा मध्यच झाला.

आता आकडे. `१. २. ३.` असं लिहून यादी होत नाही. कॉमनमार्कला यादीसाठी इंग्रजी आकडेच लागतात, आणि त्यात तो अजिबात ढील देत नाही. देवनागरी आकड्यांच्या ओळी एकमेकींना चिकटून एकच लांब परिच्छेद तयार होतो. पहिल्यांदा पाहिल्यावर मला धक्का बसला होता, कारण मराठीत सूचना लिहिणारा माणूस "१." याशिवाय दुसरं काय लिहिणार?

उपाय आहे. ओळीच्या सुरुवातीला देवनागरी आकडा, मग टिंब किंवा उजवा कंस, मग स्पेस, अशी जुळणी दिसली की तेवढा आकडा पार्सरपुरता इंग्रजीत बदला. मग पानावर यादीचे आकडे पुन्हा देवनागरीत दाखवा. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये यादीच्या खुणेसाठी "देवनागरी" हा प्रकार आधीपासून आहे, ब्राउझर तो ओळखतात. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली की त्या भाषेपुरताच तो लावता येतो.

पण इथेच एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलो आहे. हा बदल फक्त एक किंवा दोन आकडी संख्येलाच करा. एका मंडळासाठी शहराचा इतिहास सनावळीने मांडला होता, प्रत्येक नोंद वेगळ्या परिच्छेदात: "१९३०. शहरात मार्शल लॉ." "१९३१. चार हुतात्म्यांना फाशी." "२००४. विद्यापीठाची स्थापना." माझ्या नियमाने तिन्ही सनांची यादी करून टाकली. मार्कडाउन यादीतला पहिला आकडा तेवढा मानतं, पुढचे स्वतः मोजतं. त्यामुळे पानावर १९३०, १९३१ आणि १९३२ असं आलं, आणि विद्यापीठ स्वातंत्र्याच्याही आधी स्थापन झालं. कोणी इंग्रजी आकड्यांत सन लिहून टिंब दिलं तर तुमच्या बदलाशिवायही हेच होतं. म्हणून चार आकडी संख्येने सुरू होणारी ओळ दिसली तर टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ घाला, म्हणजे ती यादी होणार नाही. "अ), ब), क)" अशा यादीला मार्कडाउनमध्ये जागाच नाही. ती साधा मजकूर म्हणून राहू द्या, फक्त ओळी तुटायला हव्यात.

ओळी तुटण्याची गोष्ट साधी वाटते, पण तक्रारी सर्वांत जास्त तिच्याच येतात. मार्कडाउनमध्ये एंटर मारला तरी ओळ तुटत नाही, पुढची ओळ मागच्या ओळीला जोडली जाते. तोडायची असेल तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्याव्या लागतात. मोबाईलच्या बऱ्याच कीबोर्डवर दोनदा स्पेस दाबली की पूर्णविराम पडतो. म्हणजे नियम पाळायचा म्हटलं तरी हाताखाली तो पाळता येत नाही. आणि पत्ता कसा लिहितात? कारखान्याचं नाव, खाली प्लॉट नंबर, खाली अक्कलकोट रोड, खाली सोलापूर. ते सगळं एका ओळीत सलग आलं तर लिहिणाऱ्याला वाटतं ॲप बिघडलंय. जवळजवळ प्रत्येक लायब्ररीत "प्रत्येक एंटरला ओळ तोड" असा पर्याय असतो. तो चालू करा, त्यावर फार विचार करू नका. कॉम्प्युटरवर मोठे दस्तऐवज लिहिणाऱ्यांना तो नको असतो, तुमच्या लोकांना हवाच आहे.

तिरक्या अक्षरांबद्दल माझं मत ठाम आहे: देवनागरीत ती दाखवू नका. आपल्याकडे छापील मजकुरात जोर द्यायचा तर अक्षर ठळक करतात किंवा अवतरणात घालतात. 'नोटो सान्स देवनागरी', 'मुक्त' अशा नेहमीच्या फॉन्टांना तिरका प्रकारच नाही. मग ब्राउझर सरळ अक्षरं स्वतःच ढकलून वाकडी करतो. शिरोरेघ आडवीच राहते, काने कलतात, अनुस्वार आणि रफार आपल्या अक्षरावरून सरकल्यासारखे दिसतात. छोट्या पडद्यावर तर वाचवत नाही. त्यात भर म्हणजे व्हॉट्सॲपमध्ये एक फुली म्हणजे ठळक. तुमचा प्रत्येक वापरणारा तीच सवय घेऊन येणार. तो `*आज सुट्टी*` लिहितो आणि त्याला वाकडी अक्षरं मिळतात. म्हणून सीएसएसमध्ये जोराच्या टॅगचं तिरकेपण काढून त्याला ठळकपणा द्या. मग एक फुली घाला की दोन, अक्षर ठळक होतं. यात काही हरवत नाही.

मार्कडाउनचे काही नियम आपल्या कामाला लागतच नाहीत आणि नुसता घोळ करतात. ते बंद करा. मजकुराखाली `-----` किंवा `=====` ओढलं की वरचा मजकूर शीर्षक होतो. आपले लोक तशी रेघ विभाग पाडायला ओढतात, आणि वरचा अख्खा परिच्छेद भल्यामोठ्या अक्षरात येतो. ओळीआधी चार स्पेस असतील तर ती ओळ प्रोग्रामचा कोड समजून वेगळ्या चौकटीत जाते, ती गुंडाळतही नाही, मोबाईलवर उजवीकडे पळते. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात अशा स्पेस आणि टॅब हमखास असतात. मार्कडाउन-इट या जावास्क्रिप्टमधल्या लायब्ररीत हे नियम नाव देऊन एकेक बंद करता येतात. पीएचपी भाषेतल्या लीग कॉमनमार्क या लायब्ररीत हवे तेवढेच भाग जोडून पार्सर उभा करता येतो.

चिकटवण्यावरून आणखी एक. शीर्षकासाठी `#` नंतर साधी स्पेस लागते. वेब पान किंवा वर्डमधून आलेल्या मजकुरात कधी न तुटणारी स्पेस असते, कधी न दिसणारी शून्य रुंदीची खूण. दिसायला सगळं बरोबर, पण शीर्षक होत नाही. मजकूर आत घेताना न तुटणारी स्पेस साधी करा आणि ओळीच्या सुरुवातीच्या शून्य रुंदीच्या खुणा काढा. मात्र शब्दाच्या आतल्या जोडणाऱ्या किंवा तोडणाऱ्या अदृश्य खुणांना हात लावू नका, काही जोडाक्षरांचं रूप त्यांच्यावर अवलंबून असतं. आणि डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर कोणी चिकटवला तर तो आधीच ओळखून थांबवा. त्यात मराठी अक्षरांच्या जागी प्रत्यक्षात फुल्या, कंस आणि इंग्रजी चिन्हं असतात, आणि मार्कडाउन त्या प्रत्येकाचा काहीतरी अर्थ लावतं.

सुरक्षेचा मुद्दा मात्र भाषेचा नाही, तो सगळीकडे सारखाच आहे. यात चूक करू नका. मूळ मार्कडाउनमध्ये मध्येच एचटीएमएल लिहायची मुभा आहे. ती तुमच्या ॲपमध्ये राहिली तर कोणीही वर्णनात असा तुकडा घालू शकतो जो पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो आणि त्याच्या नावाने कामं करतो. नुसतं एचटीएमएल बंद करूनही पुरत नाही, कारण साध्या दुव्यातही पत्त्याच्या जागी "जावास्क्रिप्ट:" ने सुरू होणारा मजकूर घालता येतो. एका ठिकाणी एका नवख्या मुलाने मजकूर पार्सरकडे जाण्याआधीच स्क्रिप्टचा टॅग शोधून काढायची ओळ लिहिली होती. फोटोच्या टॅगमध्ये "फोटो सापडला नाही तर हे चालव" अशी सूचना घालून आम्ही ती पाच मिनिटांत चुकवून दाखवली. गाळणी शेवटी लावायची असते. आधी मार्कडाउनचं एचटीएमएल होऊ द्या, मग ते गाळा. गाळताना काय काढायचं याची यादी करू नका, काय ठेवायचं याची करा: परिच्छेद, ओळ तोडणं, ठळक आणि जोर, याद्या, दोन-तीन पातळ्यांची शीर्षकं, दुवे, फोटो, तक्ता. बाकी सगळं गळू द्या.

मार्कडाउन-इट मूळच्या मांडणीत एचटीएमएल बंद ठेवतं आणि धोकादायक दुवेही अडवतं. मार्क्ड ही लायब्ररी स्वतः काहीच गाळत नाही, तिच्यानंतर डॉमप्युरिफाय ही गाळणी लावावीच लागते. पीएचपीत ॲप बांधायच्या लाराव्हेल या सांगाड्यातलं मार्कडाउनचं तयार फंक्शन आतून लीग कॉमनमार्क वापरतं, आणि काही न सांगता वापरलं तर एचटीएमएल आहे तसं पुढे जाऊ देतं. एचटीएमएल काढून टाकण्याचा आणि असुरक्षित दुवे नाकारण्याचा, असे दोन्ही पर्याय तिथे हाताने द्यावे लागतात. सोलापुरात लाराव्हेलवर काम करणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

साठवण. डेटाबेसमध्ये मूळ मार्कडाउन ठेवा, तेच खरं. तयार झालेलं एचटीएमएल शेजारच्या रकान्यात साठवा म्हणजे दर वेळी पार्स करावं लागणार नाही, आणि सोबत ते कुठल्या नियमांच्या आवृत्तीने तयार झालं तो आकडा ठेवा. वर सांगितलेल्या साईजच्या नियमात उद्या दुरुस्ती केलीत तर जुन्या नोंदी पुन्हा तयार करता येतील. तिसरा रकाना हवा साध्या मजकुराचा, सगळ्या खुणा काढून. हा शोधासाठी. `**सोलापूर**ला` असं साठवलं असेल आणि कोणी "सोलापूरला" शोधलं तर मूळ मजकुरात ते सापडणार नाही, मध्ये फुल्या आहेत. यादीच्या पानावर दाखवायचा छोटा सारांशही याच साध्या मजकुरातून कापा. मूळ मार्कडाउन शंभर अक्षरांवर कापलं तर उघडलेल्या फुल्या बंदच होत नाहीत. आणि कापताना संपूर्ण अक्षर धरून कापा, नाहीतर शेवटची वेलांटी किंवा अर्धं जोडाक्षर तुटतं. ब्राउझरमध्ये अक्षरगट ओळखणारा सेगमेंटर तयार मिळतो, तो वापरा.

शीर्षकांना आपोआप दुवे देणारे प्लगइन बसवणार असाल तर एकदा मराठी शीर्षक देऊन बघा. काही प्लगइन इंग्रजी अक्षरं सोडून सगळं काढतात, मग दुवा रिकामाच राहतो. काही युनिकोड अक्षरं ठेवतात पण मात्रा काढतात, कारण युनिकोडमध्ये मात्रा "अक्षर" या गटात नाहीत, "खूण" या गटात आहेत. "टेरी टॉवेल" चं "टर टवल" होतं. "माल" आणि "मिल" ही दोन वेगळी शीर्षकं असतील तर दोघांचंही "मल" होतं, आणि दुसऱ्याच्या दुव्यावर दाबलं की माणूस पहिल्यापाशी जातो. जुळणीत खुणांचा गटही धरला की हे सुटतं. तरी मी हल्ली शीर्षकांना सरळ क्रमांकाचे दुवे देतो, कारण देवनागरी दुवा कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा प्रत्येक अक्षरखुणेमागे नऊ चिन्हं होतात. "सोलापूर" एवढ्या एका शब्दाची त्रेसष्ट. वेब पत्ते आपोआप दुवे होण्याचा पर्याय चालू असेल तर पत्त्याला चिकटवून लिहिलेलं "वर" किंवा "ला" हेही पत्त्यात ओढलं जाऊ शकतं आणि दुवा मोडतो. पत्ता देवनागरी अक्षरापाशी तोडायचा नियम घाला.

सोलापूरचं ॲप म्हणजे फक्त मराठीचं नाही, हेही धरून चला. इथल्या मागावर, दुकानात आणि घरात तेलुगू, कन्नड, उर्दूही तितक्याच सहज चालतात. तेलुगू आणि कन्नडला प्रत्ययांचा प्रश्न मराठीसारखाच येतो, तो उपाय तसाच लागू पडतो. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यासाठी प्रत्येक परिच्छेदाला आणि यादीतल्या प्रत्येक ओळीला दिशा "आपोआप" अशी नोंद पार्सरकडून घालून घ्या. मग एकाच पानावर वर मराठी सूचना आणि खाली तिचा उर्दू मजकूर, दोन्ही आपापल्या दिशेने नीट बसतात. आम्ही हे कामगारांच्या पाळीच्या सूचनांसाठी केलं. इतकं छोटं काम असूनही त्याने मला जितकं समाधान दिलं तितकं फार थोड्या कामांनी दिलं.

वर्डसारखा एडिटर का नको, तर तो दिसायला ओळखीचा असला तरी चिकटवलेल्या मजकुराबरोबर फॉन्ट, रंग, रिकामे टॅग असा सगळा कचरा साठवतो, आणि वर्षभराने तो उपसणं फार जिकिरीचं होतं. मार्कडाउनमध्ये जे साठतं ते माणसाला वाचता येतं. फक्त लिहिण्याच्या चौकटीवर चार बटणं द्या: ठळक, यादी, दुवा, फोटो. वर दोन टॅब, "लिहा" आणि "बघा". तक्त्याचं बटण देऊ नका. मोबाईलवर उभ्या रेघा टाइप करून तक्ता लिहायला लावणं हा जाच आहे. दरपत्रकासाठी रकान्यांचा फॉर्म द्या आणि तक्ता ॲपने काढावा.

लायब्ररी: सर्व्हरवर जावास्क्रिप्ट असेल तर मार्कडाउन-इट आणि त्यामागे गाळणी, पीएचपी असेल तर लीग कॉमनमार्क आणि त्यामागे एचटीएमएल प्युरिफायर. "बघा" टॅबमध्ये आणि सर्व्हरवर वेगवेगळ्या लायब्रऱ्या वापरू नका, नाहीतर लिहिताना एक दिसतं आणि छापताना दुसरं. पीएचपीवाल्यांनी "बघा" साठी मजकूर सर्व्हरला पाठवून तिथूनच एचटीएमएल आणावं, अर्धा सेकंद उशीर चालतो.

आणि एक फाईल करा, फक्त मराठी ओळींची. आमच्याकडे अशा चाळीसएक ओळी आहेत, प्रत्येकीपुढे तिचं अपेक्षित रूप. लायब्ररीची आवृत्ती बदलली की ती फाईल चालवतो, एक जरी ओळ वेगळी आली तरी बदल थांबवतो. तिच्यातली पहिली ओळ अजून काकांचीच आहे, `टेरी टॉवेल ३०*६० आणि २७*५४, दोन्ही डझनात मिळतील.`